घरालगतची पाखरे आणि कुटुंबाचे आरोग्य

दिवाळी जवळ आली की खेडोपाडी माळे झाडले जातात, गोठ्यांची आढी साफ होतात. वर्षभर तेथे मुक्काम केलेल्या पारव्यांची विष्ठा एव्हाना वाळलेली असते. केरसुणीने ती कोरडीच झाडली असता तिची धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते. असे वारंवार घडल्यास काही जणांना खोकला व धाप लागते आणि पुढे फुप्फुसांस कायमची इजा होऊ शकते. या विष्ठेत वाढणारी एक बुरशी अशक्त माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंतही पोहोचू शकते.

यास्तव विष्ठेवर प्रथम पाणी शिंपडून ती पूर्ण भिजवावी. नाकातोंडावर मुखपट्टी बांधून ती फावड्याने गोळा करावी, खड्ड्यात पुरावी व हात साबणाने धुवावेत. घरट्यांत पिले नाहीत असे पाहून आढ्याच्या फटी जाळीने बंद कराव्यात. पिण्याच्या पाण्याचे माठ व टाक्या सदैव झाकून ठेवाव्यात.

दुसरा धोका मेलेल्या पक्ष्यांचा. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे २००६ साली भारतात प्रथमच कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मरून पडू लागले, तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासणी होऊन हाच रोग निष्पन्न झाला. माणसास तो क्वचितच होतो. तथापि २०२१ साली आपल्या देशात एक बालक त्यास बळी पडले.

म्हणून एकाच जागी अनेक पक्षी मेलेले आढळल्यास त्यांस उघड्या हातांनी स्पर्श करू नये. मुले, कुत्री व मांजरे यांस दूर ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. कोंबड्यांना दाणापाणी खुराड्याच्या आतच द्यावे. अंगणात विखुरलेल्या दाण्यांवर रानपाखरे जमतात आणि रोगाची देवाणघेवाण होते. अंडी व मांस नीट शिजवूनच खावे.

पाखरे शेतातील किडी वेचून शेतकऱ्यास साहाय्यच करतात. त्यांस मारण्याचे मुळीच कारण नाही. त्यांचा वावर शेतात व झाडांवर राहावा, घराच्या माळ्यावर नसावा, एवढेच पाहावयाचे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दिवाळीपूर्वी एखाद्या घरचा माळा स्वतः भिजवून साफ करून दाखवावा. प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट गाव लवकर उचलते.