परसातली पंधरा मिनिटे

थंडी पडू लागली की दवाखान्यातली गर्दी वाढते. दमा, सांधेदुखी, वाढलेला रक्तदाब हे तर दर वर्षीचेच. पण साठी उलटलेल्यांकडून आणखी एक तक्रार हमखास ऐकू येते : "डॉक्टर, पहाटेच जाग येते आणि मग घर खायला उठतं." या तक्रारीवर गोळीखेरीज काय करता येईल, ते आज पाहू.

थंडीत उन्हे वर आली की मी मागच्या परसात खुर्ची टाकून चहा घेतो. शेवग्यावर खारीची पळापळ चाललेली असते, जास्वंदीत शिंजीर चोच खुपसत असतो. ऑक्टोबरच्या सुमारास थिरथिरा नावाचा चिमणीएवढा पाहुणा येतो. शेपूट सारखी थरथरवतो म्हणून हे नाव. हिमालय आणि त्यापलीकडच्या मुलखातून येऊन तो नेमका आमच्या धुण्याच्या दगडावर बसतो, याचे मला दर वर्षी अप्रूप वाटते.

यात केवळ करमणूक नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १,२९२ जणांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. पक्षी दिसल्यावर किंवा ऐकू आल्यावर लोकांना अधिक बरे वाटत होते आणि हा परिणाम आठ तासांपर्यंत टिकत होता. नैराश्याच्या रुग्णांतही तो दिसला. त्याआधी २००३ मध्ये एमन्स आणि मॅकलॉ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना १० आठवडे, दर आठवड्याला आभार मानावेत अशा पाच गोष्टी लिहायला सांगितल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा ते अधिक समाधानी होते आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या.

माझे एक रुग्ण निवृत्त एस.टी. कंडक्टर. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. आयुष्यभर पहाटेची ड्युटी केल्यामुळे चारला जाग येतेच. पत्नी गेल्यापासून तो वेळ त्यांना जड जाई. रक्तदाबाची गोळी चालूच ठेवून मी सांगितले, "अण्णा, सकाळी अंगणात बसा आणि चांगल्या वाटलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा." पंधरा दिवसांनी वही घेऊन आले. एका पानावर लिहिले होते : "सातभाई आज आठ. एक विनातिकीट." मला हसू आले. त्याखाली होते : "शेजारच्या सूनबाईने चहा आणून दिला." अण्णा म्हणाले, "डॉक्टर, ती वर्षभर रोज देतेय. मी एकदाही तिला काही बोललो नव्हतो. काल बोललो."

पाखरे पाहण्याची सवय लागली की माणसेही दिसू लागतात, ती अशी.

मात्र काही पथ्ये पाळावीत. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या वेळी जास्त येतात. म्हणून हृदयरोग व रक्तदाब असणाऱ्यांनी अंधारात बाहेर पडू नये. जाग आल्यावर थोडा वेळ अंथरुणातच बसावे. ऊन आल्यावर कान, डोके, छाती झाकून बाहेर यावे. पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे जरूर ठेवावे, पण ते रोज घासून पाणी बदलावे, नाहीतर डेंग्यूच्या डासाची सोय होईल. कबुतरांना दाणे टाकू नयेत. त्यांच्या विष्ठेची व पिसांची धूळ फुप्फुसांना अपाय करते. दमेकऱ्यांनी तर दूरच राहावे. परस नसेल तर गॅलरी किंवा खिडकीसमोरचे झाडही चालेल.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाला "देवाने दिले आहे त्यात समाधान मान" असे सुनावू नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. टेली-मानस ही सरकारी मदतसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

बाकीच्यांनी उद्यापासून सुरुवात करावी. वही जुनी चालेल, पेन्सिल तुटकी चालेल. तीन ओळी लिहाव्यात. त्यांत एखाद्या माणसाचे नाव आले, तर त्याला ते त्याच दिवशी सांगावे.