उजवीकडे जायला डावीकडून

आर्डुइनो ऊनो बोर्डावरची एटीमेगा३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्झवर धावते, पण बिट सरकवताना तिची चाल मुंगीची. एका सूचनेत एका बाइटचे बिट एकच घर सरकतात. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये हवी तितकी घरं एका दमात सरकवणारं सर्किट असतं. नॉर्वेत जन्मलेल्या या एव्हीआर घराण्यात ते नाहीच. प्रोग्रामर मात्र ‘७ घरं उजवीकडे’ असं लिहून मोकळा होतो. पुढचं निस्तरायचं कंपायलरच्या बॅकएंडने.

१६ बिटांची संख्या इथे एकेका बाइटच्या दोन रजिस्टरांत राहते. ती एक घर उजवीकडे न्यायला दोन सूचना लागतात: वरच्या बाइटमधून निसटलेला बिट कॅरी नावाच्या एका बिटाच्या जागेत थांबतो, मग खालच्या बाइटच्या डोक्यावर चढतो. शाळेतला हातचाच तो. या हिशेबाने ७ घरांना १४ सूचना.

जीसीसी या कंपायलरने तयार केलेली असेम्ब्ली उघडून पाहिली, तर तिथे पाचच दिसतात, आणि पहिलीच उलट्या दिशेची! ७ घरं उजवीकडे म्हणजे एक घर डावीकडे आणि मग आख्खा बाइट उजवीकडे. बाइट हलवायला नुसती नक्कल पुरते. म्हणून खालचा बाइट डावीकडे सरकतो तो केवळ हातच्यासाठी. त्याच्या जागी वरच्याची नक्कल येते. नकलेने हातचा पुसला जात नाही, यावरच सगळा डोलारा. ती नक्कल हातचा घेऊन डावीकडे सरकली की खालचा बाइट तयार, आणि नवा हातचा म्हणजे मूळ संख्येचा सर्वांत वरचा बिट. मग वरच्या रजिस्टरातून तेच रजिस्टर आणि हातचा वजा होतात: उरतं शून्य किंवा उणे एक. पाचवी सूचना चिन्ह उलटवते.

संख्या ऋणही असू शकत असेल, तर वरच्या बाइटमध्ये उणे एकच हवा असतो. तिथे चारांत भागतं.

प्रत्येक आकड्याला अशी पळवाट नसते. ३२ बिट ५ घरं डावीकडे न्यायचे, तर सरळ ओळीने २० सूचना, ४० बाइट, घड्याळाची २० आवर्तनं. लूप केला तर १४ बाइट, पण ३५ आवर्तनं. आर्डुइनोचं सॉफ्टवेअर मुळातच आकार वाचवायच्या बाजूचं. जास्तीची १५ आवर्तनं म्हणजे मायक्रोसेकंदाहून किंचित कमी. दिवा लुकलुकवणाऱ्याला ती जाणवत नाहीत. सेकंदाला ४० हजार वेळा आवाजाचा नमुना बाहेर टाकणाऱ्याला मात्र दोन नमुन्यांमध्ये मिळून ४०० आवर्तनंच मिळतात.