पंप किती वीज खातो?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो, तेव्हा गावच्या पाण्याची मोटर बंद होती. मोटर बिघडली नव्हती. विहिरीलाही पाणी होते. बिल थकले म्हणून वीज तोडली होती, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन पुन्हा मळ्यातल्या विहिरीची वाट तुडवीत होत्या. नळ आले, आता ही पायपीट संपली, असे ज्या सासवांनी एके काळी हौसेने सांगितले होते, त्यांच्याच सुना आज त्या वाटेला लागल्या होत्या.

संध्याकाळी पारावर तोच विषय निघाला. सरपंच म्हणाले, "सर, पाणीपट्टी जमते त्याहून बिल मोठं येतं. मेळ बसायचा कसा?" एकाने सुचवले, पट्टी वाढवा. दुसरा म्हणाला, मोटर लहान पडते, मोठी बसवा, म्हणजे टाकी लवकर भरेल. कोपऱ्यात एक वृद्ध आबा बसले होते. तरुणपणी त्यांनी मोट हाकलेली. ते म्हणाले, "मोटेला भोक पडलं की थारोळ्यात पाणी कमी यायचं आन् बैलं उगाच दमायची. आम्हाला घटकेत कळायचं. तुमच्या मोटरीला भोक पडलं तर कळतं का रं?"

श्रोते हो, आबांचा हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. बैल दमला की तो मान टाकतो. मोटर तशी दमत नाही. ती निम्मी वीज वाया घालवीत असली तरी तसाच आवाज करते, टाकीही भरते, आणि महिनाअखेर बिल येते. ते बिल पाण्याचे किती आणि भोकाचे किती, हे आपण कधी विचारतच नाही. ते कसे शोधावे, एवढेच आज सांगायचे आहे.

प्रथम पाणी उचलायला खरोखर किती वीज लागते, ते पाहू. हजार लिटर पाणी एक मीटर उंच उचलायला सुमारे ९,८०० ज्यूल इतके काम करावे लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार केला तर उत्तर येते ३६७. म्हणजे काहीही वाया गेले नाही, तर एका युनिटात हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंच जाईल. ही उंची कुतुबमिनाराच्या सुमारे पाचपट झाली! वीज वाटते तशी दुबळी नाही.

आता हिशेबाला सोपे जावे म्हणून गोल आकडे घेऊ. समजा, गावची टाकी ५०,००० लिटरांची आहे, आणि विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची ३० मीटर आहे. किती हजार लिटर, गुणिले किती मीटर, भागिले ३६७, हे आपले सूत्र. ५० गुणिले ३० म्हणजे १,५००. त्याला ३६७ ने भागले की साधारण ४ युनिटे येतात. टाकी भरायला निसर्ग एवढीच मजुरी मागतो.

प्रत्यक्ष मीटरवर मात्र, समजा, १६ युनिटे पडली. याचा अर्थ चार आण्यांचे काम झाले आणि बारा आणे वाटेत सांडले. सगळे सांडणे काही थांबवता येत नाही. मोटर थोडी तापणार, पंपात पाणी घुसळले जाणार, नळीत घासले जाणार. पण चांगली मोटर शंभरातले ८३ भाग पुढे देते, बरा पंप त्यातले दोनतृतीयांश पाण्याला देतो, आणि नळी नीट असेल तर त्यातला दहावा हिस्साच घर्षणात जातो. तिन्हींचा गुणाकार केला तर निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून १६ च्या जागी ८ युनिटांवर टाकी भरावी, अशी अपेक्षा धरायला हरकत नाही. रोजची ८ युनिटे वाचली तर वर्षाची २,९२० झाली. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करा. दर ८ रुपये धरला, तर वर्षाला तेवीस हजारांच्या वर रक्कम होते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. शाळेतल्या गुरुजींनी सातवी-आठवीची मुले हाताशी घ्यावीत. टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची वाढलेली उंची यांचा गुणाकार करून घनफळ काढावे. टाकी गोल असेल तर मुलांना वर्तुळाचे क्षेत्रफळही उपयोगी पडेल. पाणी चढत असताना गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवावा. मोटर सुरू करताना आणि बंद करताना मीटरचा आकडा लिहावा. विहिरीतल्या पाण्याची खोली दोरीला दगड बांधून मोठ्या माणसाने मोजावी. मीटर मुलांनी लांबून वाचावा, पेटीला मात्र कोणी हात लावू नये.

मापात मोठी तूट दिसली, तर भोक कुठे आहे ते पाहायचे. ते बहुधा चार ठिकाणी सापडते.

पहिले ठिकाण विहिरीच्या तळाशी. फूटव्हॉल्व्हच्या जाळीत शेवाळ आणि काडीकचरा अडकला, तर पंपाला पाणी ओढायला जड जाते. दरवेळी सुरू करताना पंपात पाणी ओतावे लागत असेल, तर फूटव्हॉल्व्ह गळतो असे समजावे. काठावरचा पंप पाण्यापासून फार उंच असेल तर तो खाली घ्यावा. असा पंप सहा-सात मीटरांहून खोलचे पाणी नीट ओढू शकत नाही.

दुसरे ठिकाण नळी. अरुंद नळीतून जास्त पाणी घाईने रेटले की घर्षण झपाट्याने वाढते. पाण्याचा ओघ दुप्पट केला तर घर्षण सुमारे चौपट होते. उलट नळी थोडी मोठी घेतली तर फायदा फार मोठा होतो. ६३ मिलिमीटरच्या जागी ७५ ची नळी टाकली, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण निम्म्याहूनही कमी होते. काटकोनातले एल्बो जितके टाळता येतील तितके टाळावेत आणि वळण ऐसपैस द्यावे. आणखी एक हौस आपल्याला असते. नळीचे तोंड टाकीच्या किंवा पाटाच्या वर दोन-तीन हात उंच धरायचे, म्हणजे पाणी धो धो पडताना दिसते. डोळ्यांना ते बरे वाटते, पण तेवढी उंची रोज फुकट चढवावी लागते.

तिसरे ठिकाण म्हणजे पंप आणि त्याचे काम यांची जोडी न जुळणे. प्रत्येक पंप ठराविक उंचीला आणि ठराविक पाण्यालाच चांगले काम देतो. ६० मीटर उंचीसाठी घडवलेला पंप २५ मीटरांवर लावला, तर तो नको तेवढे पाणी फेकतो आणि वीज खातो. मग आपण व्हॉल्व्ह अर्धा आवळतो. बैलाला चाबूक दाखवायचा आणि त्याच वेळी कासरा मागे ओढायचा, असलाच हा प्रकार. म्हणून दुकानात "पाचचा द्या" किंवा "साडेसातचा द्या" असे न म्हणता दोन आकडे सांगावेत : पाणी किती मीटर चढवायचे, आणि तासाला किती लिटर हवे. मग पंपावरच्या पाटीवर ते आकडे आहेत का, ते पाहावे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची ताऱ्यांची खूण असेल तर तीही पाहावी. तारे जास्त असतील, तर तेवढ्याच कामाला वीज कमी.

चौथे ठिकाण झिजलेला पंप आणि पुन्हा पुन्हा भरलेली मोटर. गाळाच्या पाण्याने पंपातला पंखा झिजतो. जळालेली मोटर हलक्या हाताने, कशीबशी भरून घेतली, की ती आधीपेक्षा जास्त तापते. अशी मोटर दोन-तीनदा जळली असेल, तर पुन्हा भरण्यापेक्षा नवी घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

इथे एक शंका कोणी काढील. हल्ली मोटरीचा वेग कमीजास्त करणारी यंत्रे मिळतात. वेग कमी केला की वीज फार वाचते म्हणतात, ते खरे का? खरे आहे, पण सगळीकडे सारखे नाही. अमेरिकेत लाखो घरांच्या परसात पोहण्याचे तलाव आहेत. तिथला पंप पाणी उंच चढवीत नाही. तलावातले पाणी गाळणीतून फिरवून पुन्हा तलावात सोडतो. त्याचे भांडण केवळ घर्षणाशी. अशा ठिकाणी वेग निम्मा केला, तर लागणारी शक्ती सुमारे एकअष्टमांश होते. तेवढेच पाणी फिरवायला वेळ दुप्पट लागतो हे धरले, तरी वीज चौथाईवर येते. म्हणूनच जुलै २०२१ पासून त्या देशात तलावाच्या नव्या पंपांना असा नियम लागू झाला, की मोठ्या आकाराचे जुन्या पद्धतीचे एकाच वेगाचे पंप त्यात बहुतांशी बसत नाहीत.

आपल्या विहिरीचे तसे नाही. आपल्या पंपाचे मुख्य भांडण उंचीशी आहे. ३० मीटर चढ कमी वेगानेही ३० मीटरच राहतो. वेग फार उतरवला, तर पाणी टाकीपर्यंत पोचणारच नाही, आणि मोटर मात्र फिरत राहील. तेव्हा दुसऱ्याचा उपाय उचलण्यापूर्वी आपला पंप कशाशी झगडतो आहे, ते पाहावे. लांबच लांब सपाट नळी असेल, तर घर्षण कमी करा. उंच चढ असेल, तर जोडी जुळवा.

शेतकरी बंधू म्हणतील, "आमच्या शेतीपंपाला बिलच नाही, मग हा खटाटोप कशाला?" २०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ करण्याची योजना आणली, हे खरे. पण बिल माफ झाले म्हणून डीपीवरचा भार माफ झाला नाही. एका डीपीवर सगळ्यांनी गरजेहून मोठ्या मोटरी लावल्या की दाब उतरतो, मोटरी जास्त करंट ओढतात, आणि जळतात. त्या भरण्याचा खर्च कोणी माफ करीत नाही. शिवाय गावच्या पाण्याच्या मोटरीला ती माफी नाहीच.

आमच्या गावाने पुढे वर्गणी काढून थकबाकीचा पहिला हप्ता भरला आणि वीज परत आली. त्याच आठवड्यात गुरुजींनी मुलांकडून माप घेतले. मोठी मोटर आणण्याचा विचार त्या मापानेच मागे पडला. जाळी कचऱ्याने भरलेली निघाली, व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे अर्धा आवळलेला सापडला. आधी जाळी साफ केली, कारण त्याला पैसे पडत नव्हते. मग नळी बदलली. पंप अजून बदलायचा आहे. पण आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा टांगला आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मुले त्यावर एकच आकडा लिहितात : हजार लिटरांना किती युनिटे. आकडा वाढला की भोक पडले, हे आता न शिकलेल्यालाही कळते.

परवा आबांना भेटलो. फळ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे बरं झालं. आता बैल बोलाया लागला."

तुमच्याही गावच्या बैलाला बोलते करा. त्याला एक फळा, एक खडू आणि महिन्यातली एक सकाळ पुरे आहे.