तळ्यातील हिरवे सूत

पावसाळा संपून पाणी निवळले की पवईच्या काठाशी आणि उपनगरांतील जुन्या तळ्यांत हिरवे मऊ पुंजके तरंगू लागतात. लोक त्यांस सरसकट शेवाळ म्हणतात आणि पाणी नासले असे समजतात.

असा एखादा पुंजका चिमटीत धरून पाहावा. रेशमासारखा बुळबुळीत लागला तर तो बहुधा स्पायरोगायरा; खरखरीत व फांद्या फुटलेला असेल तर क्लॅडोफोरा. स्पायरोगायराचा धागा म्हणजे टोकास टोक जोडलेल्या नळकांड्यांसारख्या पेशींची एकेरी रांग होय. पेशीत हरितलवकाची फीत मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेली असते आणि मधोमध केंद्रक जीवद्रव्याच्या तंतूंनी टांगलेले असते. उन्हात ही वनस्पती प्राणवायू सोडते. त्याचे बुडबुडे धाग्यांत अडकले की पुंजका वर येतो.

धागा तुटला तरी प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वाढतो. पाणी आटू लागले की मात्र निराळा मार्ग अवलंबिला जातो. शेजारच्या दोन धाग्यांतील समोरासमोरच्या पेशींना फुगवटे येतात व ते एकमेकांस मिळून नळ्या बनतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना हुबेहूब शिडीसारखी दिसते. एका पेशीतील जीवद्रव्य नळीवाटे दुसरीत उतरते आणि दोहोंच्या संयोगातून जाड भिंतीचे बीजुक तयार होते. धागे कुजून जातात. बीजुक चिखलात पडून राहते आणि पाणी आले की रुजते. कोरड्या तळ्यात पुन्हा शेवाळ येते ते असे.

वांद्र्याच्या एका तळ्यातील शैवालांचा ऋतुक्रम गोन्साल्विस व जोशी यांनी 1946 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला होता. स्पायरोगायराच्या कुलावरील 1959 चा ग्रंथ तर डॉ. मो. सिं. रंधावा या सनदी अधिकाऱ्याचा! फायलींतून सवड काढून त्यांनी हा व्यासंग केला, हे आमच्यासारख्या कारकुनी जिवांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

शेवाळ माजले की मोरचूद टाकण्याची घाई होते. पण सारे शेवाळ एकदम मेले तर ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो व मासे तडफडतात. सांडपाणी तळ्यात येत राहिले तर त्यातील नत्र व स्फुरदावर ते पुन्हा फोफावते. म्हणून आधी सांडपाणी अडवावे. उन्हाळ्यात गाळ उपसला तर त्याबरोबर बीजुकेही निघतात. मात्र तो गाळ काठावरच टाकल्यास पहिल्या पावसात परत तळ्यात उतरतो.