सुगम्यतेचा कायदा : ऑन्टारिओ प्रांताचा अनुभव

कार्यालयाच्या दाराशी तीन पायऱ्या असल्या आणि उतरंड नसली, तर चाकाच्या खुर्चीवरील नागरिकाचा हक्क कागदावरच राहतो. हे अडथळे व्यक्तीच्या अपंगत्वातून नव्हे, तर समाजाच्या रचनेतून निर्माण होतात, या भूमिकेतून कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने केलेला कायदा अभ्यासण्याजोगा आहे.

२००१ च्या पहिल्या कायद्याने शासकीय खाती, नगरपालिका, रुग्णालये आदींवर वार्षिक आराखडे तयार करण्याचे बंधन घातले. खाजगी क्षेत्र मात्र जवळजवळ मोकळेच राहिले. ही उणीव २००५ च्या कायद्याने दूर केली. एक जरी कर्मचारी असला तरी संस्था कायद्याच्या कक्षेत आली आणि १ जानेवारी २०२५ पर्यंत संपूर्ण प्रांत सुगम्य करण्याचे उद्दिष्ट ठरले. ग्राहकसेवा, माहिती व संपर्क, रोजगार, वाहतूक आणि सार्वजनिक जागांची रचना अशा पाच क्षेत्रांसाठी मानके निश्चित झाली. ती सुचविणाऱ्या समित्यांत अपंग व्यक्तींनाही स्थान होते. उल्लंघन करणाऱ्या कंपनीला दररोज एक लाख डॉलरपर्यंत दंडाची तरतूद आहे.

असे असूनही मुदत उलटली आणि उद्दिष्ट अपुरेच राहिले. याची दोन कारणे महत्त्वाची आहेत. सार्वजनिक जागांचे मानक मुख्यतः नव्या वा पुनर्रचित बांधकामाला लागू होते. त्यामुळे जुने अडथळे कायम राहतात. दुसरे म्हणजे, अनुपालनाची भिस्त संस्थांनी स्वतःच सादर केलेल्या अहवालांवर आहे. स्वतः अपंग असलेले माजी लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ऑन्ले यांनी २०१९ च्या आढावा अहवालात प्रगतीच्या मंद गतीवर कठोर टीका केली होती.

अर्थशास्त्रीय दृष्टीने पाहता, आराखड्यातच केलेली उतरंड स्वस्त पडते. इमारत उभी राहिल्यावर केलेला बदल महाग ठरतो. खर्च मालकाला ताबडतोब दिसतो, लाभ मात्र समाजात विखुरतो. म्हणूनच हे काम केवळ स्वेच्छेवर सोडता येत नाही.

भारतातही २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सुगम्यतेसाठी मुदती घालून दिल्या. सुगम्यतेची मानके केवळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. मुदत ठरविणे ही सुरुवात होय. तपासणी, निधी आणि उत्तरदायित्व यांची जोड मिळाली, तरच ती पायरी खऱ्या अर्थाने ओलांडता येईल.