सातारा व सांगली प्रांतांतील ख्रिस्ती मंडळ्या आणि त्यांचें प्रेषणकार्य

मराठी ख्रिस्ती समाजांत उपासकांच्या समुदायास 'मंडळी' हा शब्द रूढ आहे. मूळ संस्कृत 'मंडल' म्हणजे वर्तुळ. त्यावरून एका केंद्राभोंवतीं जमलेले लोक ते मंडळी. वर्तुळास जशी आंतली बाजू असते तशीच बाहेरचीही असते, आणि मंडळीनें आपलें तोंड कोणत्या बाजूस ठेवावें, हा प्रश्न ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या इतिहासांत वारंवार उत्पन्न झालेला आहे. सभासदांची उपासना, विवाह व अंत्यविधि नीट चालविले म्हणजे मंडळीचें काम झालें, हें एक मत. बाहेरच्या लोकांकडे जाणें हेंच मंडळीच्या अस्तित्वाचें प्रयोजन, हें दुसरें. या दुसऱ्या मतास अनुसरून जें कार्य होतें त्यास आपण 'मिशन' म्हणतों. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'धाडणें' असा असून संस्कृतांतील 'प्रेषण' हा शब्द त्याशीं बरोबर जुळतो. म्हणून प्रस्तुत लेखांत आम्हीं तोच योजिला आहे.

हें कार्य सातारा व सांगली या प्रांतांत कोणकोणत्या रूपांनीं झालें व त्यावरून काय निष्पन्न होतें, याचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे. हीं दोन नांवें एकत्र घेण्यास कारणही आहे. सांगली व मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें मुंबई इलाख्यांत विलीन झाल्यावर १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा झाला, व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें.

प्रथम पंथांविषयीं थोडा खुलासा केला पाहिजे. हिंदुस्थानांत प्रॉटेस्टंट प्रेषणकार्यास आरंभ केला तो लूथरपंथीयांनीं. डेन्मार्कचा राजा चवथा फ्रेडरिक याच्या आश्रयानें झीगेनबाल्ग व प्लुट्शौ हे दोन जर्मन तरुण १७०६ सालीं तंजावर प्रांतांतील तरंगमबाडी येथें उतरले. तामिळ शिकणें, त्या भाषेंत ग्रंथ छापणें व शाळा काढणें, हा जो क्रम झीगेनबाल्गानें घालून दिला, तोच पुढें सर्व पंथांच्या मिशनरींनीं कमीअधिक प्रमाणांत गिरविला. परंतु सातारा-सांगलीकडे आले ते लूथरपंथी नव्हते. ते अमेरिकेंतील दोन निराळ्या पंथांचे होते. साताऱ्याकडील काँग्रिगेशनल पंथाचे. त्या पंथांत प्रत्येक मंडळी स्वतंत्र असून आपला कारभार आपणच पाहते. सांगली, मिरज व कोल्हापूर इकडील प्रेसबिटेरियन पंथाचे. त्यांत मंडळीचे वडील निवडले जातात व त्या वडिलांच्या सभा अनेक मंडळ्यांवर देखरेख करितात. एकाच्या क्षेत्रांत दुसऱ्यानें शिरूं नये असा संकेत मिशनांमध्यें असल्यामुळें हे दोन पंथ शेजारीं राहूनही एकमेकांच्या वाटेस गेले नाहींत.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ सालीं मुंबईस आले. १८३१ सालीं अहमदनगरास ठाणें झालें. त्याच मिशनचे ॲलन ग्रेव्ह्ज हे प्रकृतीस्तव महाबळेश्वरीं राहून काम करीत असत. ते १८४३ सालीं तेथेंच वारले. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें, आणि त्यानंतर सातारा शहरांत मिशनचें ठाणें स्थिरावलें.

याच सुमारास मिशनच्या कार्यपद्धतीसंबंधीं एक मोठा वाद उपस्थित झाला. बोस्टन येथील बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे १८५४-५५ सालीं हिंदुस्थानांत पाहणीसाठीं आले. त्यांचें मत असें कीं, मिशनरीचें मुख्य काम स्थानिक मंडळ्या उभारणें हें होय. त्या मंडळ्यांनीं आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण सोसावा, व आपला प्रसारही आपणच करावा. तें साधलें म्हणजे परकीयानें निघून जावें. इंग्रजी शाळा चालविण्यांत मिशनचा पैसा व वेळ खर्च होतो व मुख्य कार्य मागें राहतें, असें त्यांस वाटे. त्यांच्या भेटीनंतर मिशनच्या इंग्रजी शाळा बंद झाल्या.

रॉयल गोल्ड वाइल्डर यांस हें मान्य नव्हतें. हे १८४६ सालीं अहमदनगरास आले व १८५२ सालीं कोल्हापुरास गेले. ज्या समाजांत वाचतां येणारे लोकच थोडे, तेथें शाळेवांचून मंडळी स्वावलंबी होणार कशी, असा त्यांचा प्रश्न होता. मतभेद विकोपास जाऊन बोर्डाशीं त्यांचा संबंध तुटला. तरीही १८६१ सालीं ते कोल्हापुरास परत आले, स्वतंत्रपणें काम चालविलें, व १८७० सालीं तें प्रेसबिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन झालें. त्यांचा पुत्र रॉबर्ट हा १८६३ सालीं कोल्हापुरासच जन्मला. १८८६ सालीं अमेरिकेंत विद्यार्थ्यांची जी प्रेषणचळवळ सुरू झाली तिच्या अग्रणींत तो होता. म्हणजे पंचगंगेच्या कांठीं वाढलेल्या एका मुलानें अमेरिकेंतील मंडळ्यांचें तोंड बाहेर वळविण्यास साहाय्य केलें. प्रेषणाचा ओघ एकाच दिशेनें वाहतो असें जें समजलें जातें, त्यास हें उदाहरण बाधक आहे.

शाळेचा पक्ष सांगलीस चांगलाच फळला. तेथें प्रेसबिटेरियन ठाणें १८८४ सालीं झालें. मुलांच्या वसतिशाळेंत अक्षरज्ञानाबरोबर हातचे उद्योग व शेती शिकविण्याची व्यवस्था करण्यांत आली. यांत अर्थ आहे. मंडळींत येणारे पुष्कळसे लोक अस्पृश्य मानिलेल्या जातींतील असत. त्यांस गांवच्या विहिरीवर जातां येत नसे व पुष्कळ ठिकाणीं शाळेंतही बसतां येत नसे. अशा माणसास केवळ उपदेश दिला आणि हातांत कसब दिलें नाहीं, तर तो एका आश्रयांतून निघून दुसऱ्या आश्रयांत जाणार. विसाव्या शतकांत जॉन गोहीन यांच्या हाताखालीं या शिक्षणास अधिक व्यापक रूप आलें. शेतकरी शाळेंत येत नाहीं, तर शाळाच गांवोगांव न्यावी, या कल्पनेनें सांगलीहून फिरती शाळाही निघाली. हेच गोहीन पुढें इचलकरंजीच्या जहागिरीचा कारभार पाहत होते.

तिसरें रूप वैद्यकाचें. कॅनडांत जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस हे १८८९ सालीं इकडे आले व प्रथम सांगलीस लहानशा दवाखान्यांत रोगी पाहूं लागले. पुढें त्यांनीं मिरज हें ठिकाण पसंत केलें. कोल्हापूरचा फांटा १८९१ सालीं सुरू झाल्यावर मिरज हें आगगाडीचें जंक्शन झालें होतें. दूरच्या रोग्यास तेथें पोंचणें सोपें. १८९४ सालीं रुग्णालय उघडलें व १८९७ सालीं वैद्यकीय शिक्षणाचा वर्ग निघाला. आमच्या मतें या दुसऱ्या गोष्टीचें महत्त्व पहिलीहून अधिक आहे. परदेशी डॉक्टर एका ठिकाणीं बसून कितीही शस्त्रक्रिया करो, तो एकटाच. परंतु त्यानें शिकविलेले देशी डॉक्टर दूरदूरच्या गांवीं जाऊन बसतात. वॉनलेस यांस १९२८ सालीं 'सर' ही पदवी मिळाली. ते १९३३ सालीं अमेरिकेंत वारले. सांगलीजवळील वानलेसवाडी हें नांव त्यांचें स्मरण देतें. १९६२ सालीं मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें, तेव्हां या रुग्णालयाचा आधार त्यास मिळाला.

सातारा जिल्ह्यांत वाई येथें डॉ. लेस्टर बील्स व डॉ. रोझ फेअरबँक बील्स या दांपत्यानें असेंच काम केलें. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळाही याच वाईची. कृष्णेच्या घाटांवर वेदाध्ययन चालावें व त्याच गांवीं मिशनच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा व्हावी, हा संयोग महाराष्ट्राच्या इतिहासांत लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां चौथें रूप. आणि हें पूर्णपणें मराठी मनांतून निघालेलें आहे. कवि नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढें त्यांचें पुष्कळसें आयुष्य अहमदनगरास मिशनच्या नोकरींत गेलें. १९१७ सालीं त्यांनीं ती नोकरी सोडिली, वेतन सोडिलें व साताऱ्यास येऊन 'देवाचा दरबार' स्थापन करण्याचें मनांत घेतलें. या दरबारांत बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांसही स्थान होतें. ख्रिस्तास गुरु मानणें एवढीच मुख्य अट. अभंग, कीर्तन व भजन हीं साधनें टिळकांनीं पूर्वीच ख्रिस्ती उपासनेंत आणिलीं होतीं. दरबारानें त्यापुढें पाऊल टाकिलें व मंडळीच्या वर्तुळाची रेषाच पुसट केली. परंतु १९१९ च्या मे महिन्यांत टिळक मुंबईस वारले, आणि दरबार मूळ धरण्यापूर्वींच थांबला. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रें' या ग्रंथामुळें त्या घरचें वातावरण मराठी वाचकांस परिचयाचें झालेलें आहे.

या चारही रूपांवर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, व तो टाळून पुढें जाणें इतिहासकारास शोभणार नाहीं. शाळा, औषध व दुष्काळांतील अन्न यांच्या आड धर्मांतराचा हेतु होता, असा तो आक्षेप. धर्मांतराचा हेतु मिशनरींनीं कधीं लपविला नाहीं. त्यांच्या अहवालांत तो स्पष्ट असे. तेव्हां खरा प्रश्न हेतूचा नसून साधनाचा आहे: गरजवंताच्या गरजेचा उपयोग करून घेतला गेला काय? १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांत मिशनांच्या आश्रयास आलेल्यांपैकीं श्रद्धेनें किती आले व भुकेनें किती, हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांस गांवानें शाळेचें दार बंद केलें, त्यांनीं उघडें दार पाहून आंत पाऊल टाकिलें, तर दोष प्रथम कोणाच्या माथीं? आक्षेप घेणाऱ्यानें या प्रश्नाचें उत्तर आधीं दिलें पाहिजे.

टिळकांनीं मात्र हा आक्षेप बाहेरून नव्हे, तर आंतून घेतला. परदेशांतून वेतन येतें तोंपर्यंत उपदेशकाचा शब्द त्याचा स्वतःचा ठरत नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें. विशेष हें कीं, अँडरसन यांनीं बोस्टनहून जें सांगितलें त्याच ठिकाणीं टिळक निराळ्या वाटेनें येऊन पोंचले. एकानें तें प्रशासनाचें तत्त्व म्हणून सांगितलें. दुसऱ्यानें चरितार्थावर पाणी सोडून तें आचरिलें.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी क्रमाक्रमानें परतले. १९७० सालीं नागपूर येथें उत्तर भारताची मंडळी स्थापन होऊन अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र आले. अँडरसन व वाइल्डर यांच्या वादाचा निकाल त्यानंतरच्या काळानें द्यावयाचा होता. आमच्या मतें तो दोघांच्याही बाजूनें अर्धा अर्धा लागतो. बाहेरचा आधार सुटल्यावर मंडळी आपल्या पायांवर उभी राहिली पाहिजे, हें अँडरसन यांचें म्हणणें खरें. परंतु शाळेंत शिकलेले शिक्षक, परिचारिका व डॉक्टर नसते, तर ते पाय आले असते कोठून, हें वाइल्डर यांचें म्हणणेंही तितकेंच खरें.

या विषयाचीं साधनें आजवर बहुतांशीं मिशनच्या इंग्रजी अहवालांतूनच घेतलीं गेलीं. अहवाल हा देणगीदारांसाठीं लिहिलेला असतो. त्यांत परदेशी कार्यकर्ता ठळक व देशी सहकारी पुसट दिसतो. कोणत्या उपदेशकानें पायीं किती गांवें केलीं, कोणत्या बायबलबाईनें कोणास अक्षर शिकविलें, तें मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्यांत, १८४२ पासून निघालेल्या 'ज्ञानोदया'च्या फाइलींत व जुन्या कुटुंबांच्या पत्रव्यवहारांत शोधावें लागेल. पेशवे दप्तरासाठीं आपण जे कष्ट घेतले, त्यांचा अल्पसा अंश या वह्यांच्या वांट्यास आला पाहिजे. कागदास वाळवी लागते, तिला पंथ नसतो. ज्या मंडळ्यांपाशीं अशा वह्या असतील, त्यांनीं त्यांच्या नकला करून संशोधकांच्या हातीं द्याव्यात, एवढीच आमची विनंति आहे.