पळता न येणाऱ्यांच्या उशाशी

सप्टेंबर १९९४. प्लेगची बातमी फुटली आणि सुरत रिकामी होऊ लागली. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं मिळेल त्या गाडीत शिरत होती. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत पोटापाण्यासाठी आलेली खानदेशी कुटुंबं तापी लाइनने नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे परतली. काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. कित्येक खासगी दवाखान्यांना कुलपं लागली. नव्या सिव्हिल हॉस्पिटलचं काम मात्र चालू राहिलं, कारण तिथे रुग्ण होते आणि रुग्णाला सोडून जाता येत नाही.

त्या पळापळीचा इतिहास अनेकांनी लिहिला. मागे राहिलेल्यांचा फारसा कुणी लिहिला नाही. साथ असो, पूर असो, आग असो, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस उठून पळू शकत नाही. आणि त्याला पळता येत नाही, म्हणून त्याच्या उशाशी बसलेल्या बाईलाही पळता येत नाही. गेल्या तीस वर्षांतल्या सुरतेकडे या बाईच्या जागेवरून पाहिलं, तर आपण तिचे आभार किती मानले आणि तिची काळजी किती घेतली, यांतलं अंतर स्पष्ट दिसतं.

गुजरातीत वृद्धाश्रमाला ‘घरडाघर’ म्हणतात आणि तिथे काम करणारीला ‘मासी’. तिच्या कामाला जड यंत्र लागत नाही, म्हणून ते हलकं समजलं जातं. प्रत्यक्षात साठ-सत्तर किलोचं शरीर दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. बेडपॅन द्यायचं, डायपर बदलायचं, आंघोळ घालायची, खुर्चीत बसवायचं, पुन्हा झोपवायचं. हे एकटीने रोज केलं की काही वर्षांत तिचीच कंबर जाते. इन्शुलिनची सुई टोपण घालताना बोटात शिरते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा संध्याकाळी घाबरतात, ओळखत नाहीत, हात पिरगाळतात, कधी नको तिथे स्पर्श करतात. त्यांच्या आजाराला दोष देता येत नाही, हे तिला कळतं. पण तिला लागलेला मार आणि आलेली शरम खोटी नसते. ‘म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नको,’ एवढ्यावर तिची तक्रार संपते.

प्लेगनंतर सुरत बदलली. मे १९९५ मध्ये एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले. अधिकारी रोज रस्त्यावर उतरू लागले, कचरा नियमित उचलला जाऊ लागला, आणि दोन वर्षांच्या आत अस्वच्छतेसाठी बदनाम झालेलं हे शहर देशातल्या स्वच्छ शहरांत गणलं जाऊ लागलं. शहर स्वच्छ ठेवायचं तर ते काम रोज, ठरल्या वेळी, कुणाच्या तरी जबाबदारीवर व्हावं लागतं, हा त्यातला धडा. तोच धडा घरडाघराच्या बंद दारामागे पोचायला हवा होता. तिथली व्यवस्था मात्र बाईच्या चांगुलपणावरच उभी राहिली.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि तापीने सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली घेतला. अडाजण, रांदेर, कतारगाममध्ये तळमजले बुडाले. वीज आणि पिण्याचं पाणी कित्येक दिवस नव्हतं. अशा वेळी वृद्धांच्या निवासात पाळी बदलत नाही. सकाळची येऊ शकत नाही, रात्रीची जाऊ शकत नाही. चादरीचे चार कोपरे धरून एकेका आजीला वरच्या मजल्यावर न्यायचं, तर निदान चार माणसं हवीत. रात्रपाळीला असतात एक किंवा दोन. तिचं स्वतःचं घरही त्याच पाण्यात असतं. तिचं पोर पत्र्यावर आहे की शेजाऱ्याकडे, हे न कळता ती दुसऱ्याच्या आईला पाणी पाजत असते. पुरानंतर आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे झाले, पूर्वसूचनेची व्यवस्था सुधारली. पण आराखड्यात हा प्रश्न ठळकपणे लिहिलेला हवा: या इमारतीत रात्री दोन वाजता उठवून न्यावी लागणारी माणसं किती, आणि त्यांना उचलणारे हात किती?

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आला. कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे आणि रहिवाशांना द्यायच्या सेवांचे निकष ठरवण्याची तरतूद आहे. त्या सेवा ज्या हातांनी द्यायच्या, त्या हातांविषयी त्यात शब्द नाही. जे इतर कायदे तिच्या बाजूने उभे राहू शकतात, ते आकड्यांपाशी अडतात. कर्मचारी राज्य विमा साधारणपणे दहा कामगारांपासून, भविष्य निर्वाह निधी वीसपासून. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीही दहा कर्मचाऱ्यांपासून. त्याहून लहान ठिकाणच्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, पण ती असते हे तिला सांगणार कोण? बंगला भाड्याने घेऊन पंधरा वृद्धांना सांभाळणाऱ्या घरात सहा-सात जणीच काम करतात. त्यातल्या काही माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेल्या, म्हणजे कुणाच्याच पटावर नसलेल्या.

सेवा करणारीच्या सुरक्षिततेच्या या प्रश्नाचं सर्वांत वेदनादायी रूप मराठी माणसाने मुंबईत पाहिलं आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानभाग कामानंतर कपडे बदलायला तळघरात गेली आणि तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने तिच्यावर पाशवी हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होती. एकामागून एक निवृत्त होत गेलेल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सेवेची मनापासून प्रशंसा केली. ती योग्यच होती. पण ही सेवा करावी लागली त्याच्या मुळाशी होती एक साधी गोष्ट: कपडे बदलायला सुरक्षित खोली नव्हती.

आगीने हेच पुन्हा दाखवलं. २४ मे २०१९ रोजी सुरतेत सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत २२ विद्यार्थी गेले. १ मे २०२१ च्या पहाटेआधी सुरतेच्या उत्तरेला भरूचमध्ये एका रुग्णालयाच्या कोविड विभागात आग लागली. १६ रुग्णांबरोबर दोन तरुण परिचारिकाही गेल्या. दुसरा जिना, उघडणारी खिडकी, चालणारं अग्निशामक यंत्र या वस्तू रुग्णासाठी जितक्या, तितक्याच त्याच्याजवळ थांबणारीसाठी असतात.

आणि २०२०. गुजरातमधला पहिला कोविड मृत्यू २२ मार्चला सुरतेत झाला. त्याच संध्याकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजवल्या. तो आवाज खरा होता, त्यामागची भावनाही खरी होती. पण थाळीच्या आवाजाने विषाणू अडत नाही. त्याला मास्क लागतो, हातमोजे लागतात, आजारी पडल्यास पगारी रजा लागते. अमेरिकेत कर्कलंडच्या शुश्रूषागृहात साथ पसरली, तेव्हा तपासात दिसलं की काही कर्मचारी लक्षणं असतानाही कामावर येत होते आणि काही एकाहून अधिक ठिकाणी काम करत होते. एका पगारात भागत नाही, म्हणून माणूस दोन दारं ओलांडतो; विषाणू त्याच्याबरोबर ओलांडतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने मार्च २०२० मध्येच हे ओळखलं. एका कर्मचाऱ्याने एकाच ठिकाणी काम करायचं असा आदेश काढला आणि पगाराची तूट भरून देण्याची व्यवस्था केली. तिथे पगार हाच साथ रोखण्याचा उपाय ठरला. आपल्याकडे पगाराचा विचार असा कधी झाला नाही.

मागे वळून पाहताना कृतज्ञता नव्हतीच, असं म्हणता येत नाही. १२ मेच्या परिचारिका दिनाला गुलाब मिळतो, दिवाळीला साडी मिळते, कुणाचे नातेवाईक शाल-श्रीफळ देतात. ते प्रेमानेच दिलेलं असतं. पण तिला काय हवं आहे, याचं उत्तर फार साधं आहे. जड माणूस उचलायला दुसरी बाई. रात्री जिन्यात दिवा. कपडे बदलायला कडी लागणारी खोली. हिपॅटायटिस बीची लस. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना ती द्यावी, असं २०१६ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंच आहे. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार. आणि तिच्या शब्दाला वजन. आजींना कालपासून गिळायला त्रास होतो आहे, टाच लाल झाली आहे, हे डॉक्टरांच्या आधी तिला दिसतं. तिने सांगितलेलं फाइलमध्ये तिच्या नावाने लिहिलं जावं, यासारखा दुसरा सत्कार नाही.

१९९४ साली पंचविशीत असलेली मासी आज पंचावन्नच्या पुढे आहे. गुडघे धरले आहेत, कंबर वाकली आहे, निवृत्तिवेतन नाही. आणखी काही वर्षांत कायद्याच्या भाषेत ती स्वतःच ज्येष्ठ नागरिक होईल आणि कदाचित अशाच एखाद्या घराच्या दारात उभी राहील. त्या रात्री तिला कुशीवर वळवायला किती हात असतील आणि त्या हातांना मोजे असतील का, हे आज ठरवायचं आहे.